बंद असतानाची तक्रार

कॅमेरा दुरुस्ती केंद्रातून परत आला, सोबत एक कागद. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात नीट लिहिलंय : 'कॅमेरा बंद असताना सेल उतरतात.' त्याखाली 'तपासणी' : 'कॅमेरा चालू करून पाहिला. चालू होतो.' आणि त्याखाली 'शेरा' : 'दोष नाही.' तपासणीचे पैसे अर्थातच घेतले.

काउंटरवरच्या गृहस्थांना मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "बंद करून तपासला का?"

"बंद केल्यावर काय तपासणार सर? बंदच असतो तो."

"पण सेल तेव्हाच उतरतात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आठवडा-दोन आठवडे कपाटात असतो. काढून बघावं तर सेल गेलेले."

"काढून बघता म्हणजे चालू करता ना?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "चालू केल्यावर सेल जाणारच."

मी गप्प. या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे हे दिसत होतं, पण बोट ठेवता येईना. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या आजोबांना मात्र तो शंभर टक्के पटला. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले, "बघितलंच नाही तर कशाला संपेल?" मग त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा घेतला, कानाला लावला, बराच वेळ ऐकला आणि निकाल दिला : "बंद आहे."

काउंटरवरच्यांना जोर चढला. "सर, नवीन मॉडेल दाखवू का?"

"त्यात बंद असताना सेल उतरत नाहीत?"

"त्यात सेलच नाहीत सर. बॅटरी आहे."

तर आता स्वतःच बघणं आलं. मुळात डिजिटल कॅमेऱ्याचं बटण वीज तोडत नाही. जुन्या टॉर्चचा खटका धातूला धातूपासून वेगळा करायचा आणि विषय संपायचा. कॅमेऱ्याचं बटण म्हणजे आतल्या चिपला केलेली विनंती. चिप लेन्स आत घेते, पडदा विझवते आणि एक कान उघडा ठेवून झोपलेल्या वॉचमनसारखी पडून राहते, कारण पुढच्या वेळी बटण दाबलं गेल्याचं तिलाच कळायला हवं. शिवाय घड्याळ चालू असतं. ते सांभाळायला आत छोटा बटण सेल किंवा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो, आणि अनेक कॅमेऱ्यांत तो मुख्य सेलवरच चार्ज होतो. थोडी वीज जाणारच. भांडण 'थोडी' म्हणजे किती याचं आहे.

गणित सोपं आहे. २००० मिलिअँप-तासांचे दोन पेन्सिल सेल एकामागे एक जोडले तरी क्षमता २०००च राहते. दुप्पट होतो तो व्होल्टेज. (हे न पटणारी माणसं मला वारंवार भेटतात.) बंद कॅमेरा ५० मायक्रोअँप, म्हणजे ०.०५ मिलिअँप, ओढत असेल तर दिवसाला १.२ मिलिअँप-तास जातात. त्या हिशेबानं सेल साडेचार वर्षं पुरावेत, त्याआधी ते स्वतःच आतल्या आत उतरतील. ५ मिलिअँप ओढत असेल तर दिवसाला १२०, म्हणजे सोळा-सतरा दिवसांत खेळ खलास. आणि ४० मिलिअँप दिसले तर कॅमेरा बंद नाहीच, नुसता काळोख करून बसलाय.

वीज मोजायचा मल्टिमीटर काढण्याआधी एक फुकटची चाचणी. एकाच वयाच्या सेलच्या दोन जोड्या एकाच चार्जरमध्ये पूर्ण भरा. एक जोडी कॅमेऱ्यात, दुसरी खणात. आठवड्यानंतर दोन्ही जोड्या एकामागून एक त्याच टॉर्चमध्ये घालून किती वेळ चालतात ते बघा. नुसता व्होल्टेज मोजून उपयोग नाही, कारण निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे पुन्हा चार्ज होणारा सेल अर्धा रिकामा झाला तरी १.२ व्होल्टच्या आसपासच रेंगाळतो. खणातली जोडीही मेली असेल तर कॅमेरा निर्दोष, सेल म्हातारे. या जातीचे जुने सेल नुसते पडून उतरतातच. कमी उतरणारे सेल २००५ पासून मिळू लागले, तेच घ्यावेत. अल्कलाइन, म्हणजे चार्ज न होणाऱ्या साध्या सेलची गोष्ट वेगळी. त्यांचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे लेन्सच्या मोटरनं झटक्यात वीज मागितली की व्होल्टेज कोसळतो आणि कॅमेरा 'सेल संपले' म्हणून मोकळा होतो. तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात घाला, महिनोन्महिने चालतात. यात चोरी कुणाचीच नाही.

खणातली जोडी ठणठणीत निघाली तर मग मीटर. तांब्याच्या पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या, मध्ये कागद, आणि हे सँडविच सेलच्या टोकाच्या आणि झाकणातल्या पत्रीच्या मध्ये सरकवायचं. दोन्ही पट्ट्यांना केसासारखी बारीक वायर, झाकणाच्या फटीतून बाहेर. झाकण पूर्ण लागलं पाहिजे. मीटर आधी १० अँपच्या सॉकेटवर ठेवा. लेन्स बाहेर येताना एक अँपच्या वर वीज सहज जाते आणि मिलिअँपच्या सॉकेटमधला फ्यूज उडतो. कॅमेरा बंद करून स्थिरावला की मिलिअँपवर यायचं, पण प्रोब (मीटरची वायर) उपसला की वीज तुटते आणि कॅमेरा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणून आधी क्लिपच्या वायरनं पट्ट्यांच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडा, मग सॉकेट बदला, मग क्लिप काढा. पहिल्या पाच मिनिटांतल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. घड्याळाचा कपॅसिटर भुकेला असेल तर तो कित्येक तास वीज पीत राहतो. दुसऱ्या दिवशीचा आकडा खरा.

माझा आकडा दुसऱ्या दिवशीही ६ मिलिअँपवर ठाण मांडून होता.

संशयितांची यादी तशी लांब. फोटो बघण्याचं बटण पहिलं. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत ते दाबून धरलं की लेन्स बाहेर न येताच कॅमेरा जागा होतो, आणि घट्ट पिशवीत ते दाबलं जातंच. जीपीएस असेल तर काही कॅमेरे बंद असतानाही वाट नोंदवत राहतात. ब्लूटूथवाल्यांत 'बंद असताना फोटो पाठवा' असा पर्याय मेनूत कुठेतरी लपलेला असतो. मोठ्या कॅमेऱ्याला खालून बॅटरी ग्रिप जोडलेली असेल तर ती काढून पुन्हा मोजा. घड्याळाचा बटण सेल खराब होऊन वीज खायला लागणं हे अवघड प्रकरण, कारण तो बहुधा आत झाळलेला असतो. आणि आत म्हणजे फ्लॅशच्या कपॅसिटरच्या शेजारी, जिथे कॅमेरा बंद असतानाही ३०० व्होल्टच्या आसपास साठून राहिलेले असू शकतात. शौर्य दाखवायची जागा नव्हे.

माझा चोर इतका आतला नव्हता. सेलच्या कप्प्याच्या तळाशी, धन आणि ऋण पत्र्यांच्या मधोमध पांढरट खरपुडी. कधीकाळी एखादा अल्कलाइन सेल पाझरला की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पोटॅशियम कार्बोनेट बनतं. ते हवेतला ओलावा शोषतं, ओलं झालं की वीज वाहून नेतं, आणि दोन टोकांमध्ये फुकटचा पूल तयार होतो. दमट दिवसांत सेल लवकर का उतरायचे तेही यातच आलं. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब (ओतायचं नाही), फसफस थांबेपर्यंत पुसायचं, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्यायचं. मीटर ०.०८ मिलिअँपवर आला. हे काम काउंटरवर झालं असतं. झाकण उघडून आत डोकवावं लागलं असतं, एवढंच.

माहितीपुस्तिकेचा रागही इथेच काढतो. एका चार्जमध्ये किती फोटो निघतील हे ती छातीठोकपणे सांगते. तो आकडा सिपा या जपानी संघटनेच्या ठरलेल्या पद्धतीनं काढतात : दर ३० सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फ्लॅश, दर दहा फोटोंनी कॅमेरा बंद-चालू. असा फोटो काढणारा माणूस पृथ्वीवर नाही, पण त्याची सोय चोख. बंद कॅमेरा किती ओढतो याचा मात्र पुस्तिकेत पत्ता नाही. आहे ते एवढंच : 'दीर्घकाळ वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.' काढले, की काही दिवसांनी घड्याळ जातं आणि पुढचे सगळे फोटो एक जानेवारीचे. शिवाय दर वेळी ते झाकण उघडायचं, जे दोन सेलच्या स्प्रिंगचा सगळा जोर नखाएवढ्या प्लास्टिकच्या खाचेवर पेलतं. ती खाच आता झिजत आलीये. झाकण सुटं मिळत नाही, मागची अख्खी चौकट घ्यावी लागते म्हणे, आणि ती 'स्टॉकमध्ये नाही'.