“ज्याला ओढायची तो ओढणारच” हे खरं नाय, अण्णा

गेले चार दिवस एकच मेसेज फिरतोय, गल्लीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, काल कोरेगावच्या दाजींनी पण टाकला. मेसेज थोडक्यात असा: तंबाखूविरोधी जाहिराती, शाळेतल्या शपथा आणि बोर्ड यावर सरकार करोडो रुपये उडवतंय, ज्याला ओढायची तो ओढणारच, उलट पोरांना नको ते कळतं, तंबाखूच्या टॅक्सवर तर सरकार चालतं, आमचे आजोबा बिडी ओढून नव्वद वर्षं जगले, तेव्हा हा निधी बंद करा आणि रस्त्यांना द्या. आमच्या गल्लीत तो अण्णांनी टाकला. अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण मी बारा वर्षं साताऱ्याजवळच्या हायस्कूलात आठवी-नववीला शिकवते आणि हे वाचून मला गप्प बसवत नाय, म्हणून जरा मोठं लिहितेय.

“ज्याला ओढायची तो ओढणारच.” तंबाखूचा देशपातळीवरचा मोठा सर्व्हे 2009-10 ला झाला आणि परत 2016-17 ला. 15 ते 17 वयाच्या पोरापोरींत तंबाखू घेणारे (ओढायची, खायची, लावायची सगळी धरून) 9.6 टक्के होते ते 4.4 झाले. आपल्या महाराष्ट्रात सगळी मोठी माणसं धरली तर 31.4 वरनं 26.6. शाळेतल्या 13 ते 15 वर्षांच्या पोरांचा वेगळा सर्व्हे असतो, त्यात 2009 ला 14.6 टक्के होते, 2019 ला 8.5. ओढणारा ओढणारच असता तर हे आकडे जागचे हलले नसते. आता हे सगळं एकट्या जाहिरातींनी केलं असं मी म्हणणार नाय, याच काळात 2012 ला आपल्याकडं गुटखाबंदी आली, 2016 पासून पाकिटावर 85 टक्के जागेत ते चित्र आलं, टॅक्स वाढले, सगळ्याचा मिळून परिणाम आहे. पण मग त्यातला एक भाग उचलून “हा बंद करा” कशाच्या आधारावर म्हणायचं?

आणि त्याच 2019 च्या सर्व्हेत एक गोष्ट आहे जी मला झोपू देत नाय. ज्या पोरांनी तंबाखू खाल्लीय त्यातल्या निम्म्याहून जास्त पोरांनी ती वयाची दहा वर्षं पुरी व्हायच्या आत सुरू केली, बिडीवाल्यांत हे प्रमाण 47 टक्के, सिगारेटवाल्यांत 38. दहाच्या आत म्हणजे तिसरी-चौथी ओ. त्या पोरानं काय विचार करून ठरवलेलं असतं, आजीची मशेरीची डबी हाताला लागते, नायतर चुलता “जा रे पुडी घेऊन ये” म्हणून पाठवतो, तिथनं सुरुवात होते.

“उलट पोरांना नको ते कळतं, कुतूहल वाढतं.” यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. कुठली मोहीम आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यानं तंबाखू कंपन्यांवर दावा लावला होता, त्याच्या 1997 च्या तडजोडीतनं राज्याला पैसे मिळाले, त्यातनं त्यांनी 1998 ला पोरांसाठी मोहीम काढली. ती पोरांनाच बरोबर घेऊन बनवली आणि तिच्यात “ओढू नको, वाईट असतं” असा उपदेश नव्हता, कंपन्या तुम्हाला कशा गंडवतात ते सरळ दाखवलं होतं. दोन वर्षांत तिथल्या मिडल स्कूलमधे सिगारेट ओढणारी पोरं 18.5 टक्क्यांवरनं 11.1 वर आली, हायस्कूलात 27.4 वरनं 22.6. त्याच 1998 ला फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं पण “विचार करा, ओढू नका” अशी स्वतःची मोहीम काढली, आणि 2002 ला छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की कंपनीची जाहिरात बघितलेली पोरं ओढायच्या विचाराला उलट जास्त तयार होती. म्हणजे कुतूहल वाढवणारी जाहिरात असते, पण ती कुणी आणि कशी बनवली ते बघायला पाहिजे ना. पुढं फ्लोरिडात आमदारांनी, अगदी तुमच्या मेसेजसारखंच, पैसे कापत कापत 2003 पर्यंत जवळपास संपवले. शेवटी 2006 ला लोकांनीच मतदान करून राज्यघटनेत लिहून घेतलं की तडजोडीच्या पैशातला ठरावीक हिस्सा यावरच खर्च व्हायचा.

आपल्याकडं नेमकं इथंच चुकतं. 2016-17 च्या सर्व्हेत महाराष्ट्रात मोठ्या माणसांत ओढणारे 3.8 टक्के आणि खाणारे-लावणारे 24.4 टक्के निघाले, आणि शाळेत पोस्टर येतात ते सिगारेटवर फुली मारलेले. माझ्या वर्गातल्या पोराच्या दप्तरात मावा सापडतो, त्याला ते पोस्टर आपल्याबद्दल आहे असं वाटतच नाय. शपथ पण एका सुरात म्हणतात आणि मधल्या सुट्टीत विसरतात. मग मोहीम बदला, भाषा बदला, मावा आणि मशेरीवर बोला, त्यासाठीच तर पैसा लागतो.

“करोडो रुपये उडवतात, आणि टॅक्सवर तर सरकार चालतं.” पाकिटावरचं चित्र कंपनी स्वतःच्या खर्चानं छापते, सरकारचा त्यात रुपया जात नाय. आणि टॅक्सचं म्हणाल तर 2017-18 ला तंबाखूमुळं झालेलं देशाचं नुकसान, म्हणजे औषधपाणी, बुडालेला रोजगार, अकाली गेलेली माणसं, हे 1,77,341 कोटी रुपये काढलंय, आणि ते पण फक्त 35 च्या पुढच्या माणसांचं. उत्पादन शुल्कातनं आलेला पैसा त्याच्या साधारण 12 टक्के. कुठनं चालतं सरकार?

आजोबांबद्दल. जगले असतील, चांगलंच आहे. माझे धाकटे चुलते बावन्नाव्या वर्षी गेले, तोंडाचा कॅन्सर, शेवटी पाणी गिळता येत नव्हतं. एका घरातल्या एका माणसावरनं ठरवायचं नसेल तर ब्रिटनमधे डॉक्टरांवरच 1951 पासून पन्नास वर्षं चाललेला अभ्यास बघा, ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडली तर ती दहा वर्षं जवळपास सगळी परत मिळतात, साठीत सोडली तर तीनच.

आता रस्त्यांचं. रस्ते पाहिजेतच, पण त्यासाठी हा निधी कशाला तोडता? तो वापरायचा कुठं ते मी सांगते. 2003 च्या कायद्यानं शाळेपासून 100 यार्डात, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, तंबाखू विकता येत नाय. अठराच्या आतल्या पोराला द्यायची तर कुठंच नाय, बालन्याय कायद्यात देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सप्टेंबर 2020 ला महाराष्ट्रानं सुट्टी सिगारेट-बिडी विकायला पण बंदी केली, आणि ही बंदी पोरांसाठी सगळ्यात कामाची आहे कारण अख्खं पाकीट घ्यायला पोराकडं पैसे नसतात, एक सुट्टी घेता येते, आणि सुट्टीवर ते भीतीचं चित्र पण नसतं. पण 2003 च्या कायद्यात हद्दीत विकल्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंतच, आणि तो पण करायला कुणी येत नाय. मी स्वतः शिपायाला टेप धरायला लावून मोजलंय, आमच्या गेटपासून पहिली टपरी 64 मीटरवर आहे आणि तिथं सुट्टी सिगारेट मिळते. दोनदा अर्ज दिला, पोच मिळाली, माणूस आला नाय. टपरीवाल्याचा राग नाय मला, त्याची पोरगी माझ्याच वर्गात आहे, त्याला हद्दीच्या बाहेर जागा द्या नायतर वडापाव-चहाला परवाना द्या, तो खुशीनं जाईल, माझं बोलणं झालंय त्याच्याशी.

तिसरा अर्ज लिहून ठेवलाय, त्यावर पालकांच्या सह्या घ्यायच्यात. सोमवारी चार वाजता पालकसभा आहे. अण्णा, तुमचा नातू नववीत आहे, तुम्ही या, पहिली सही तुमची घेते.