ते लोक चर्चमध्येच का गेले: एका प्रतिक्रियेला उत्तर

वसईहून लिहिणाऱ्या ताईंस,

रवांडातल्या चर्चमध्ये झालेल्या हत्याकांडांवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९९४ च्या वंशसंहारात अल्पसंख्य तुत्सी जमातीच्या लोकांना मारलं ते बहुसंख्य हुतूंच्या सरकारने, लष्कराने आणि इंटराहाम्वे या सत्ताधारी पक्षाच्या सशस्त्र टोळ्यांनी, मग मी चर्चला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं केलं? कितीतरी फादर आणि सिस्टर स्वतःच मारले गेले, त्यांच्याबद्दल मी का लिहिलं नाही? आपल्याकडे ख्रिस्ती माणसाकडे आधीच वाकड्या नजरेने बघतात, त्यांच्या हातात अशा लेखाने आयतं कोलीत मिळतं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की इतक्या लोकांनी एकाच इमारतीत जाऊन स्वतःला कोंडून घेण्यात काही शहाणपण नव्हतं.

या शेवटच्या वाक्याचं आधी बोलू, कारण ते मला फार लागलं.

ते लोक वाट फुटेल तिकडे पळाले नव्हते. त्यांच्या गाठीशी अनुभव होता. १९५९, १९६३, १९७३ या प्रत्येक वेळी तुत्सींवर हल्ले झाले आणि प्रत्येक वेळी चर्चच्या आवारात पोचलेल्यांचा जीव बहुधा वाचला. किगालीच्या दक्षिणेला बुगेसेरा भाग आहे. मार्च १९९२ मध्ये तिथे तुत्सींची घरं जाळली गेली, तेव्हा गावकरी न्यामाताच्या चर्चमध्ये शिरले आणि वाचले. तिथे काम करणाऱ्या अंतोनिया लोकातेल्ली या इटालियन बाईने परदेशी रेडिओला फोन करून काय चाललंय ते सांगितलं, म्हणून तिला गोळी घातली गेली. त्या चर्चशेजारीच तिला पुरलं आहे. दोन वर्षांनी, एप्रिल १९९४ मध्ये, त्याच भागातले लोक पोरंबाळं घेऊन पुन्हा तिथेच आले. या वेळी दाराचं लोखंडी फाटक हातबॉम्बने उडवलं. न्यामाताच्या चर्चमध्ये आणि आवारात मिळून सुमारे दहा हजार माणसं मेली, जवळच्या न्तारामा इथे सुमारे पाच हजार. न्यामाताच्या पत्र्याच्या छताला आजही भोकं आहेत, वेदीवरच्या कापडावर डाग आहेत आणि बाकांवर मेलेल्यांच्या कपड्यांचे ढीग आहेत. ज्या जागेने दोनच वर्षांपूर्वी वाचवलं होतं, तिथे जाण्याला अविचार कसं म्हणणार, ताई?

मारणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. ठिकठिकाणी अधिकाऱ्यांनीच लोकांना चर्चमध्ये नाहीतर स्टेडियममध्ये जायला सांगितलं, ‘तिथे तुमचं रक्षण करू’ म्हणून. किबुये प्रांताचा प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य प्रशासक, क्लेमाँ कायिशेमा पेशाने डॉक्टर होता. तिथल्या चर्चमध्ये आणि गात्वारो स्टेडियममध्ये जमलेल्यांच्या कत्तलीबद्दल रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला १९९९ मध्ये जन्मठेप दिली. टेकड्याटेकड्यांवर विखुरलेल्या वस्तीत घराघरातून माणूस शोधायला दिवस लागतात. एका इमारतीत हजारो जमले की एक दुपार पुरते. लोकांचा विश्वास होता म्हणूनच ती जागा निवडली गेली. माझ्या लेखात चर्च आलं ते यामुळे.

आता आरोपीच्या पिंजऱ्याबद्दल. न्यांगे इथल्या फादर अथानास सेरोम्बांना त्या पिंजऱ्यात न्यायाधिकरणाने उभं केलं. त्यांच्या चर्चमध्ये सुमारे दीड हजार तुत्सी होते. भुकेल्या लोकांना पॅरिशच्या बागेतली केळी तोडायची नाहीत असं फादरांनी बजावलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायलाही नकार दिला. १६ एप्रिलला रस्त्याच्या कामावरचा बुलडोझर आणला गेला. इमारत पाडायची का, असं चालकाने फादरांना विचारलं. त्यांनी होकार दिला, वर भिंतीची कच्ची बाजू कुठली तेही दाखवलं. आतल्या माणसांवर छत कोसळलं. पुढे हेच फादर इटलीत गेले आणि फ्लोरेन्सजवळ वेगळ्या नावाने धर्मगुरू म्हणून काम करत राहिले. २००६ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली, २००८ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली. केळीची ती गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. बुलडोझर येण्याआधीच त्यांनी ठरवून टाकलं होतं की या लोकांना जगू द्यायचं नाही.

त्याच १६ एप्रिलला, शनिवारी, म्हणजे ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या शब्बाथच्या (साप्ताहिक उपासनेच्या) दिवशी, त्यांच्या मुगोनेरोच्या मिशनवर हल्ला झाला. आदल्या दिवशी आत अडकलेल्या तुत्सी पाळकांनी आपल्या वरिष्ठांना, एलिझाफान न्ताकिरुतिमाना यांना, पत्र लिहिलं होतं: उद्या कुटुंबासकट आम्हाला मारणार आहेत, बायबलमधल्या एस्तेर राणीने यहुद्यांसाठी रदबदली केली तशी तुम्ही आमच्यासाठी करा. २००३ मध्ये वंशसंहाराला मदत केल्याबद्दल या वरिष्ठांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या डॉक्टर मुलाला पंचवीस.

मारल्या गेलेल्या फादर-सिस्टरांचा तुम्ही उल्लेख केलात, तो योग्यच आहे. अगदी पहिल्या दिवशी, ७ एप्रिलला, किगालीतल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या क्रिस्टुस केंद्रात सतरा जणांना मारलं, त्यांत धर्मगुरू होते. मुकारांगेचे फादर ज्याँ-बॉस्को मुन्यानेझा हुतू होते, त्यांना निघून जाता आलं असतं. ते थांबले आणि आश्रितांबरोबर मेले. गिसेन्यीच्या फेलिसिते नियितेगेका याही हुतू. त्या तुत्सींना सीमेपलीकडे झाईरमध्ये (आजच्या काँगोत) पोचवत होत्या. भाऊ लष्करात कर्नल होता, तो ‘निघून ये’ म्हणत होता. आपल्याकडच्या चाळीसेक लोकांना सोडून येणार नाही, असं त्यांनी कळवलं आणि त्यांच्याबरोबरच त्यांना मारलं गेलं. आज त्या रवांडाच्या राष्ट्रीय वीरांमध्ये आहेत. पण या माणसांनी काय केलं ते पाहिलं की दुसऱ्यांना काय करता आलं असतं हेही कळतं. फेलिसितेंना सेरोम्बांची ढाल करणं मला पटत नाही.

‘काही व्यक्ती वाईट होत्या, संस्था नव्हे’ हेही पुरेसं नाही. देशाच्या लोकसंख्येत तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त लोक कॅथलिक होते. किगालीचे आर्चबिशप एकमेव कायदेशीर पक्षाच्या केंद्रीय समितीत वर्षानुवर्षं बसत होते, व्हॅटिकनने सोडायला लावेपर्यंत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये दोष व्यक्तींचा आहे, संस्थेचा नाही, असंच म्हटलं होतं. मात्र नोव्हेंबर २०१६ मध्ये रवांडाच्या बिशपांनी माफी मागितली, आणि मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल क्षमा मागितली. चर्चने स्वतः जे मान्य केलं ते मी लिहिलं, तर तो चर्चवरचा हल्ला कसा?

राहिली आपल्याकडची भीती. ती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण त्या बाकांवर बसलेले तुत्सी ख्रिस्तीच होते. जपमाळ हातात घेऊन, बाप्तिस्मा झालेल्या लेकरांना कवटाळून ते मेले. ख्रिस्ती समाजाची बदनामी नको म्हणून त्यांच्याविषयी गप्प बसायचं, तर ते त्या समाजाचे नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल. म्हणून लेख काढून टाकणार नाही. मुन्यानेझा आणि फेलिसिते यांच्यावर वेगळा लेख लिहायला घेतला आहे. आणि माझा लेख कुणी वसईतल्या एखाद्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडावर फेकताना दिसलं, तर मला लिंक पाठवा. तिथे माझ्या नावाने मी उत्तर देईन.