बूट खरे, बाकीचं फॉरवर्ड खोटं

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय. अमेरिकेतल्या वायोमिंगचा गव्हर्नर डॉ. जॉन ऑसबोर्न याने म्हणे एका निरपराध रेड इंडियनाला फासावर चढवलं, त्याच्या कातड्याचे बूट शिवून घेतले आणि शेवटी तुरुंगात सडून मेला. मावशीने ते वाचून 'खरं का रे?' म्हणून फोन केला, नाहीतर असल्या गोष्टींना उत्तर देत बसलो नसतो.

निरपराध? ज्याचे बूट झाले तो जॉर्ज पॅरट गोरा दरोडेखोर होता. १८७८मध्ये त्याच्या टोळीने वायोमिंगमधल्या मेडिसिन बो गावाजवळ रेल्वेगाडी लुटायचा बेत केला. तो फसला, तेव्हा माग काढत आलेल्या उपशेरीफ विडोफील्डला आणि रेल्वेचा गुप्तहेर व्हिन्सेंट याला त्यांनी गोळ्या घालून मारलं. खटला चालला, फाशी ठरली २ एप्रिल १८८१ला. त्याआधीच पठ्ठ्याने चाकू आणि दगडाच्या तुकड्याने पायातली बेडी सोडवली आणि तीच जेलर रँकिनच्या डोक्यात घातली. रँकिनच्या बायकोने पिस्तूल रोखून त्याला परत कोंडलं. मग रॉलिन्स गावातल्या जमावाने त्याला बाहेर ओढून तारेच्या खांबाला लटकवलं. झुंडीने केलेला खून हा खूनच, पण मेलेल्या त्या दोघांचा फॉरवर्डमध्ये उल्लेखसुद्धा नाही!

आणि गव्हर्नरने फाशी दिली कशी? ऑसबोर्न तेव्हा बावीस वर्षांचा, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला रेल्वेचा डॉक्टर. गव्हर्नरपद १८९३मधलं. १८८१मध्ये तर वायोमिंग राज्यसुद्धा नव्हतं.

बूट मात्र खरे, ते मान्य करावंच लागतं. प्रेत ऑसबोर्नने आणि डॉ. मॅगीने ताब्यात घेतलं, कातडं कमवायला डेन्व्हरला पाठवलं. ते बूट आजही रॉलिन्सच्या कार्बन काउंटी म्युझियममध्ये आहेत. १९५०मध्ये रॉलिन्समध्ये बांधकाम करताना व्हिस्कीचं पिंप सापडलं. आत हाडं, आणि वरचा भाग कापून काढलेली कवटी. तो वरचा भाग मॅगीकडे तेव्हा शिकाऊ असलेल्या, पुढे स्वतः डॉक्टर झालेल्या लिलियन हीथकडे इतकी वर्षं होता. लावून पाहिला तर चपखल बसला. तेव्हा 'सगळंच थापा' म्हणणाऱ्या काकांनीही जरा दमानं घ्यावं. गव्हर्नरपदाच्या शपथविधीला ऑसबोर्नच्या पायात तेच बूट होते असं तिकडेही सांगतात, ते असो.

तुरुंग तर निव्वळ बनाव. ऑसबोर्न मेंढ्यांचा बडा मालक झाला, १८९७ला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत गेला, राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या काळात परराष्ट्र खात्यात वरच्या हुद्द्यावर बसला आणि १९४३मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याच रॉलिन्समध्ये वारला.