‘मिंट हे खेळणं, खरं लिनक्स म्हणजे आर्च’: नवख्यांना मिळणाऱ्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाले. ज्यांचा लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नाही, अशी बरीच मंडळी तेव्हापासून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची चौकशी करतायत. लिनक्स वेगवेगळ्या तयार रूपांत मिळतं, त्यांना डिस्ट्रो म्हणतात: मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा, आर्च, काली ही त्यांपैकी काही. त्यांना हमखास ऐकू येणारा एक सल्ला आहे. शब्द बदलतात, आशय हाच: ‘मिंट, उबुंटू ही विंडोजची नक्कल, त्यातून शिकायला काही मिळत नाही. त्यातली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) जुनी, म्हणजे असुरक्षित. आर्च एकदा टाकलं की कायम ताजं, शिवाय हलकं, आणि त्यात मिळत नाही असं सॉफ्टवेअर नाही. हॅकिंग शिकायचंय? मग थेट काली.’

आर्च वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. प्रश्न आहे तो नवख्या माणसाच्या एकुलत्या एका लॅपटॉपचा, ज्यावर त्याला उद्या सकाळी कामही करायचंय. तिथे हा सल्ला जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर घसरतो.

‘मिंटमध्ये शिकायला काही नाही.’ मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप विंडोजसारखा दिसतो, हे खरं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. पण टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं की तिथे कमांड चालवणारं तेच बॅश, सेवा चालू-बंद करणारं तेच सिस्टिमडी, फाइलींच्या परवानग्यांचे तेच नियम. शिकायचं असतं ते हेच, आणि ते कुठल्याही डिस्ट्रोवर शिकता येतं. आर्च हाताने इन्स्टॉल करताना बरंच समजतं, हे मान्य. पण एप्रिल 2021 पासून आर्चच्या आयएसओमध्येच (इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्येच) मार्गदर्शित इन्स्टॉलर येतो, आणि नवखे बहुधा तोच चालवतात, नाहीतर व्हिडिओ थांबवत थांबवत त्यातल्या कमांड उतरवून घेतात. त्याला शिकणं म्हणायचं असेल तर म्हणा. नोकरीचा विचार असेल तर हिशेब आणखी सरळ आहे. कंपन्यांच्या सर्व्हरवर प्रामुख्याने उबुंटू, डेबियन किंवा रेड हॅटच्या कुळातलं काहीतरी असतं. पुण्यात आरएचसीएसए या रेड हॅटच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या क्लासला जाणाऱ्या मुलाने घरी त्याच कुळातला फेडोरा ठेवला तर परीक्षेत लागणारं पॅकेज बसवणारं डीएनएफ, सुरक्षेचं एसईलिनक्स आणि फायरवॉलडी हे सगळं रोज हाताखालून जातं. आर्चचं पॅकेज बसवणारं पॅकमन तिथे कुणी विचारत नाही.

‘जुनी पॅकेजेस म्हणजे असुरक्षित.’ या सल्ल्यातला सर्वांत पसरलेला आणि सर्वांत चुकीचा मुद्दा हाच. डेबियन स्टेबल किंवा उबुंटू एलटीएस या दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या स्थिर आवृत्त्यांमध्ये एखाद्या पॅकेजचा आवृत्ती क्रमांक दोन वर्षं तोच दिसतो, म्हणून त्याला कुणी हात लावलेला नाही असा अर्थ होत नाही. सुरक्षेचं भोक सापडलं की त्यांची सुरक्षा टीम नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत बसवते. क्रमांकाचा मुख्य भाग तोच राहतो, शेपटी बदलते. प्रोग्रामची वागणूक बदलत नाही, भोक मात्र बुजतं.

उलट, ताजेपणाची किंमत काय असू शकते हे 29 मार्च 2024 ला दिसलं. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून जाण्याच्या सोयीने) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्याने माग काढला होता. त्या आवृत्त्या कुठे पोचल्या होत्या? आर्च, काली, सतत अपडेट होणारा ओपनसुसे टंबलवीड हा डिस्ट्रो, डेबियनच्या चाचणी शाखा, फेडोराची विकासशाखा. डेबियन स्टेबल आणि प्रकाशित उबुंटू एलटीएस मात्र सुटले, कारण त्यांच्याकडे जुनंच एक्सझेड होतं. आर्चच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी: तिथलं एसएसएच एक्सझेडच्या लायब्ररीशी थेट जोडलेलं नव्हतं, त्यामुळे त्या वाटेने हल्ला तिथे लागू पडत नव्हता. पण सदोष पॅकेज लोकांच्या मशीनवर उतरलं होतंच.

‘एकदा टाकलं की कायम ताजं.’ हो, पण ते ताजं ठेवायचं काम तुमचं. अपडेटआधी संकेतस्थळावरच्या बातम्या वाचाव्यात, अशी आर्चचीच अपेक्षा असते. जून 2025 मध्ये लिनक्स-फर्मवेअर हे हार्डवेअरसाठी लागणारं पॅकेज तुकड्यांत विभागलं गेलं. जुनं पॅकेज आधी काढून मग अपडेट करा, असं तिथे लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांचं अपडेट फाइलींच्या संघर्षाच्या एररवर अडलं. जाणत्याला दोन मिनिटांचं काम, नवख्याची संध्याकाळ. सगळी सिस्टिम अपडेट न करता एखादंच पॅकेज नवं घेणं आर्चमध्ये समर्थित नाही, हेही सल्ला देणारा सहसा सांगत नाही. परीक्षेच्या काळात लॅपटॉप चार महिने बंद राहिला, तर पॅकेजच्या सह्या तपासणाऱ्या किल्ल्या जुन्या होऊन अपडेट तिथेच अडकू शकतं. मिंट 22 ला 2029 पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. मधली वर्षं त्याच्याकडे लक्ष न देता काढता येतात, आणि माझ्या मते नवख्याला हवं असतं ते नेमकं हेच.

‘आर्चमध्ये सगळं मिळतं.’ ‘सगळं’ म्हणजे एयूआर, वापरकर्त्यांनीच भरलेला पॅकेजसाठा, जिथे कुणीही खातं उघडून पॅकेज चढवू शकतं. जुलै 2025 मध्ये फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ आणि झेन ब्राउझरची नावं लावलेली तीन पॅकेजेस तिथे आली. त्यांतून मशीनचा दुरून ताबा घेणारा ट्रोजन येत होता. दोन दिवसांत ती काढली गेली. तिथून काही घेताना बिल्ड स्क्रिप्ट (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) वाचायची, असा नियम आहे. पहिल्या आठवड्यात ती कोण वाचू शकतं?

‘आर्च हलकं.’ हलकं किंवा जड असतो तो डेस्कटॉप, आणि त्याहून जड ब्राउझर. 4 जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती चालते; वीस टॅब उघडले तर आर्चवरही रॅम संपते. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवला तर जो फरक पडतो तो डिस्ट्रो बदलून पडत नाही. आणि अगदी जुनं 32-बिट मशीन असेल तर विषयच मिटतो, कारण आर्चने 32-बिटचा आधार 2017 मध्येच सोडला.

मराठी वाचणाऱ्यांसाठी आणखी एक, या सल्ल्यात कधीच नसलेली बाब. किमान आर्च टाकून ब्राउझर उघडला की मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात, कारण देवनागरी फॉन्ट तुम्ही स्वतः घालायचा असतो. टायपिंगसाठी मराठी कीबोर्डची सोयही स्वतःच लावायची. उबुंटूत देवनागरी पहिल्यापासून वाचता येते आणि सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडता येतो. घरातल्या बाकीच्यांनीही तो लॅपटॉप वापरायचा असेल तर हा फरक लहान नाही.

कालीबद्दल फार लिहायला नको. लिनक्सची ओळख नसलेल्यांना किंवा रोजच्या वापराचा डेस्कटॉप हवा असलेल्यांना आम्ही काली सुचवत नाही, असं कालीचं अधिकृत दस्तऐवजच सांगतं. हॅकिंग शिकताना लागणारी एनमॅप आणि वायरशार्क ही नेटवर्क तपासायची साधनं उबुंटूतही इन्स्टॉल होतात.

मग नवं पॅकेज, नवं कर्नल (हार्डवेअर हाताळणारा सिस्टिमचा गाभा) कधीच नको का? हवं, जेव्हा लॅपटॉपच नवाकोरा असतो. नुकत्याच आलेल्या प्रोसेसरवर किंवा वायफाय चिपवर एलटीएसचं कर्नल कधी कधी अपुरं पडतं. तिथे मी फेडोरा सुचवेन: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, प्रत्येकीला सुमारे तेरा महिने अपडेट, आणि सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद न करता चालतो. बाकी बहुतेकांना मिंट. दोन्ही पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून पाहा: वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं. जे तुमच्या मशीनवर नीट चालेल ते घ्या. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर पार्टिशनला (डिस्कच्या विभागांना) हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का ते बघा, आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.