मोझांबिकची काजू बी आणि आमची मावशी

गेल्या श्रावणात वेंगुर्ल्याला मावशीकडे गेलो होतो. ती काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाते. हाताला तेल, राख काहीही चोळलं तरी चीक बोटं खातोच, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. कोपऱ्यातल्या गोणींकडे बोट दाखवून म्हणाली, "आमची बी संपली काय ही येता. आफ्रिकेची. बारकी असता, फोडूक तरास."

तेव्हापासून ती गोण डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्येही नेला. मालक एकच असलेल्या दोन वसाहती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला काजू पिकवण्यात मोझांबिक जगात पहिल्या क्रमांकावर होता. 1975 मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि काही वर्षांतच नव्या सरकारने कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली. बी इथेच फोडायची, गर विकायचा. पण तोवर यादवी पेटली होती, ती चालली 1992 पर्यंत. झाडं म्हातारी झाली, नवी लावायला कोणी उरलं नाही, देश कर्जात बुडाला. 1984 मध्ये तो कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा सभासद झाला, 1987 पासून अर्थव्यवस्था त्यांच्या सल्ल्याने चालू लागली.

बँकेचं म्हणणं असं: कारखाने अकार्यक्षम आहेत, त्यांना स्वस्त बी मिळावी म्हणून शेतकऱ्याला भाव कमी मिळतो. कच्ची बी खुली करा, शेतकरी वर येईल. खरं सांगायचं तर यात तथ्य होतं. तिथली मोठी यंत्रं बी इतकी फोडायची की अखंड गर कमी आणि पाकळी-तुकडाच जास्त. सरकारी कारभारही काही धड नव्हता. म्हणून आधी बंदी उठली, मग निर्यातीवरचा 60 टक्के कर काही वर्षांत 14 वर आला. मधल्या काळात तेच कारखाने खाजगी मालकांना विकले होते. म्हणजे आज दुकान विकायचं आणि उद्या त्याच्या दारातला रस्ता खणायचा!

बी जहाजात चढली आणि जवळजवळ सगळी भारतात आली. इथे बायका हाताने, स्वस्तात फोडतात. कारखान्यांत तिथे साधारण 10,000 कामगार होते, त्यात बायका पुष्कळ. 2001 पर्यंत बहुतेक घरी बसले.

आणि ज्याच्या नावाने हे सगळं केलं तो शेतकरी? दानी रॉड्रिक या अर्थतज्ज्ञाने दोन सहकाऱ्यांसोबत हिशेब मांडला. काजू पिकवणाऱ्या सरासरी घराला वर्षाला मिळाले जेमतेम 5 डॉलर. वर्षाला! बाकीचं व्यापाऱ्यांनी मधल्या मध्ये खाल्लं. पन्नास मैलांत एकच खरेदीदार असेल तर 'खुला बाजार' म्हणजे त्या एकट्याची मर्जी, हे कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराने चहा पिता पिता सांगितलं असतं. त्यासाठी वॉशिंग्टनहून बँकेची माणसं यायची गरज नव्हती.

माझा राग धोरण चुकलं यावर नाही. चुका होतात. राग यावर आहे की ज्याला कर्ज हवंय त्याला 'नाही' म्हणता येत नाही. अट घालणारा पगार घेऊन पुढच्या देशात जातो, दार बंद होतं ते तिथल्या राजधानीतल्या, मापुतोतल्या बाईचं.

यात आपण साळसूद नाही. ती बी आपल्याच बंदरांत उतरली. आणि गंमत अशी, की तीच आयात झाली की सिंधुदुर्गातल्या बागायतदाराचा भाव पडतो, त्याची बोंब दर हंगामात असते. दोन्हीकडचा पिकवणारा रडतोय.

मावशीला हे जमेल तसं सांगितलं. ती फोडायचं थांबली नाही. "मगे थंयच्या बायकांनी काय केल्यानी?"

नंतर तिथल्या संसदेने कर पुन्हा वाढवला, 18 ते 22 टक्क्यांपर्यंत. नांपुला भागात छोटे कारखाने पुन्हा उभे राहिले. मोठी यंत्रं नाहीत यावेळी. बायका बसून हाताने बी फोडतात, आपल्याकडे फोडतात तशी.