ट्रेंड गाणं उचलत नाही भो, तुकडा उचलतो

रीलमुळे गाण्यांची वाट लागली, आजकालच्या पोरांना अख्खं गाणं माहीतच नसतं, नुसते पंधरा सेकंद माहीत असतात, असं म्हणणाऱ्या आमच्या सगळ्या काका-मामा-जिभाऊंना एकच विचारायचंय. नागीन डान्सचं गाणं तुम्ही अख्खं शेवटचं कधी ऐकलं? चला, अंतरा म्हणून दाखवा. नाही येणार. येते ती बीनची धून, आणि डोळ्यासमोर येतो तोंडात रुमाल धरून भर रस्त्यात लोळणारा नवरदेवाचा मित्र.

ते गाणं म्हणजे 'मन डोले मेरा तन डोले', १९५४ च्या 'नागिन' सिनेमातलं. हेमंतकुमारांचं संगीत, लताबाईंचा आवाज. आणि ती बीन म्हणजे खरी बीन पण नाही बरं का, कल्याणजी-आनंदजी मधल्या कल्याणजींनी क्लेव्हायोलिन नावाच्या इलेक्ट्रिक वाद्यावर वाजवलेली. आमच्या धुळे-जळगावकडच्या बँडवाल्यांनी त्यातला तेवढाच तुकडा उचलला, आधी क्लॅरोनेटवर मग गाडीवरच्या कॅसिओवर, आणि पिढ्यानपिढ्या वाजवला. नवरदेव मारुतीला निघाला की बँड मास्तर पब्लिककडे बघायचा, कोणत्या ठिकाणी पाय हलताहेत, कोणत्या ठिकाणी लोक पान खायला सटकताहेत, आणि जिथे पाय हलले तोच तुकडा फिरवून फिरवून वाजवायचा. उरलेलं गाणं गेलं उडत. तेव्हा कोणी म्हटलं का बँडवाल्यांनी संगीताची वाट लावली म्हणून? म्हटलं असेल, पण नाचता नाचता.

आता त्याच सिनेमातलं दुसरं गाणं घ्या, 'मेरा दिल ये पुकारे आजा'. विरहाचं, संथ. वरातीत कोण वाजवणार? बँडवाल्यांनी ते सोडून दिलं, रेडिओवर जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात लागायचं तेवढंच. आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पाकिस्तानातल्या एका लग्नात एक मुलगी त्याच्या रिमिक्सवर नाचली, तो व्हिडिओ सुटला, आणि मग पार यावल-रावेरपर्यंत हळदीत तेच. सिनेमा येऊन ६८ वर्षं झालेली. लताबाई त्याच वर्षी फेब्रुवारीत गेलेल्या, त्यांना हे बघायला पण मिळालं नाही. म्हणजे सिनेमा एकच, बँडने एक गाणं उचललं, रीलने दुसरं, आणि अख्खं दोघांनी पण नाही उचललं.

तिकडे बाहेर पण हेच चाललंय. कोनी फ्रान्सिस म्हणून अमेरिकन गायिका, पन्नास-साठच्या दशकातली मोठी स्टार. तिचं 'प्रिटी लिटिल बेबी' हे १९६२ च्या अल्बममधलं एक गाणं, हिट बिट काही नाही, नुसतं भरतीचं. २०२५ मध्ये टिकटॉकवर लोकांनी ते आपल्या लहान पोरांच्या, कुत्र्या-मांजरांच्या व्हिडिओवर लावायला सुरुवात केली आणि जगभर वाजलं. तिला विचारलं तर ती म्हणाली की मला तर हे गाणं आठवतच नव्हतं, ऐकल्यावर आठवलं! त्याच वर्षी जुलैमध्ये ८७ व्या वर्षी ती गेली. पण जाण्याआधी तिला कळलं तरी, आणि माझ्या मते या सगळ्या रील प्रकरणात एवढी एक गोष्ट जरी झाली असती तरी पुष्कळ होती.

अमेरिकन पॉप गायिका लेडी गागाचं 'ब्लडी मेरी' तर अजून भारी. २०११ च्या अल्बममधलं. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर 'वेन्सडे' आली, त्यातल्या पोरीचा डान्स गाजला, पण मालिकेत तो डान्स वेगळ्याच गाण्यावर आहे! कोणीतरी त्याच्यावर गागाचं गाणं स्पीड वाढवून चिकटवलं आणि तेच चाललं. मग कंपनीने अकरा वर्षांनी ते गाणं रेडिओला पाठवलं आणि गागाने स्वतः तो डान्स करून टाकला. कंपनीच्या ज्या हुशार लोकांनी २०११ मध्ये त्या अल्बममधून रेडिओसाठी गाणी निवडली त्यांना हे दिसलंच नव्हतं ना. आणि हीच माझी मेन गोष्ट आहे. अल्बममधलं सातवं-आठवं गाणं मागे राहतं ते वाईट असतं म्हणून नाही, कंपनी पैसा मोजक्याच गाण्यांवर लावते म्हणून. आपण समजतो की आपल्या काळी चांगली गाणी आपोआप वर यायची. कुठून आपोआप? कोणीतरी बसून ठरवायचं, आणि ते पण चुकायचंच.

मग रील काय वेगळं करतं? तर ते सुरुवातीपासून ऐकत नाही. जुन्या गाण्यात आधी लांबलचक म्युझिक, मग मुखडा, मग परत म्युझिक, आणि खरा जीव एखाद्या अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत असतो. रीलवाला थेट तिथे उतरतो. दुसरं म्हणजे त्या तुकड्यावर काहीतरी करता आलं पाहिजे, मान वळवणं, साडी बदलून येणं, आजीचा फोटो दाखवणं, कायपण. शब्द जरा मोघम असले तर अजून चांगलं, म्हणजे प्रेयसीला पण बसतात आणि म्हशीला पण. (खरंच सांगतो, आमच्याकडे एकाने आपल्या म्हशीवर रील केलं होतं, त्याच्या लग्नाच्या फोटोंपेक्षा जास्त लाईक.) आता नवीन गाणी तर हे बघूनच बनतात, पहिल्या काही सेकंदातच हूक, म्हणजे डोक्यात अडकून बसणारा तुकडा. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर वाजलं, मला त्याचा अभिमानच आहे, पण ते पहिल्या दिवसापासून चालायला निघालेलं गाणं होतं. मला मजा येते ती झोपलेलं गाणं उठतं तेव्हा.

आता जे खटकतं ते. बँड मास्तर माणूस होता. समोर म्हाताऱ्या बाया आल्या की तो आपसूक चाल बदलायचा. मोबाईलमधलं मशीन एवढंच बघतं की तुम्ही थांबलात का, परत बघितलं का. थांबलात तर अजून घ्या, अजून घ्या, आणि तीन आठवड्यांत त्याच गाण्याचा इतका वीट येतो की चाळीस वर्षं जपलेलं गाणं नकोसं होतं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण नावाचं जे होतं ते चीड आणणारं आहे, आणि ते आपल्या खान्देशाला जास्त लागू आहे. लताबाईंचं गाणं कसंही कापा, लोकांना आवाज कळतो, गाणं कंपनीच्या नावावर आहे, पैसे कुठेतरी जमा होतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क तरी कायद्यात पक्का झाला. आमच्या अहिराणी कॅसेटींचं काय? एसटी स्टँडसमोर, सारंगखेड्याच्या यात्रेत, धुळ्याच्या पाचकंदील बाजारात त्या कॅसेटी विकायच्या, हळदीची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, कानबाई देवीची. गाणाऱ्यांना बहुतेक वेळा एकरकमी काहीतरी मिळायचं आणि विषय संपायचा. आता त्यातला एखादा तुकडा कोणी रीलवर टाकतो, ते गाणं ॲपच्या यादीत नसतंच, मग तिथे दिसतं 'ओरिजिनल ऑडिओ' आणि पुढे टाकणाऱ्याचं नाव! म्हणजे गाणं गायलं धुळ्याकडच्या कुठल्या तरी बाईने आणि ओरिजिनल झाला कोण, तर बारावीतला पोरगा. त्या पोराची चूक नाही हो, त्याने कुठे दावा केलाय, त्याला तर कोणी विचारलं 'हाई गानं कोनं शे भो?' तर तोच उलट कमेंटमध्ये विचारत बसतो. पण हजारो लोक त्या ऑडिओवर रील करतात आणि गाणारीच्या घरच्यांना पत्ता नसतो.

कोनी फ्रान्सिसला पत्रकार शोधत गेले कारण तिचं नाव गाण्याला चिकटलेलं होतं. आपल्याकडे नाव आहे ते कॅसेटच्या डबीतल्या कागदावर, आणि तो कागद असतो माळ्यावर नाहीतर भंगारात. म्हणून म्हणतो, ज्यांच्याकडे जुन्या अहिराणी कॅसेटी असतील त्यांनी वाजवायच्या भानगडीत नका पडू, टेप तुटेल. फक्त त्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि खाली कमेंटमध्ये टाका. गायक, गीतकार, ढोलकीवाला, कंपनी, गाव, जे लिहिलंय ते. एखाद्या व्हायरल ऑडिओचं नाव जुळलं तर त्या रीलखाली जाऊन आपण सगळे लिहू. पोरं नाव लावतात, मी विचारून बघितलंय, त्यांना फक्त माहीत नसतं.

आणि हो, 'जुनं ते सोनं' एवढंच लिहून जाणाऱ्यांनी पण एक फोटो टाकावा.