'द सोलोइस्ट' आधी नीट बघा, मग फॉरवर्ड करा

'द सोलोइस्ट' या २००९ च्या चित्रपटाचं पोस्टर घेऊन एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. सार असं: लॉस एंजेलिसच्या फुटपाथवर राहणारा, स्किझोफ्रेनिया (भास आणि संशय निर्माण करणारा मानसिक आजार) झालेला एक वादक एका पत्रकाराची मैत्री आणि संगीत यांच्या जोरावर, एकही गोळी न घेता 'पूर्ण बरा' झाला. वर 'सत्यकथा' असा शिक्का. सोबत दोन शेरे: 'रस्त्यावर राहणं ही त्याचीच निवड होती' आणि 'आधी बरे व्हा, मग घर'. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझ्या मावसबहिणीचा मुलगा याच आजारावर औषध घेतो, आणि तिने हा फॉरवर्ड मला पाठवून विचारलं, "अरे, मग गोळ्या थांबवून बघायच्या का?" त्यामुळे जरा तडकूनच लिहितोय.

पूर्ण बरा? कुठे? नॅथॅनियल एअर्स हा खराखुरा माणूस, आणि स्टीव्ह लोपेझ हा 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा खराखुरा स्तंभलेखक. २००५ मध्ये त्याला एअर्स दोनच तारा उरलेलं व्हायोलिन वाजवताना दिसला, इथवर ठीक. पण चित्रपटाच्या शेवटी लोपेझच सांगतो की एअर्सकडे आता किल्ली आहे, पलंग आहे, मनाची अवस्था मात्र पहिल्या भेटीइतकीच डळमळीत आहे. 'मैत्रीने मेंदूतली रसायनं बदलतात' हे फॉरवर्डमधलं ठळक वाक्यही तिथूनच उचललंय. तज्ज्ञ असं म्हणतात, असं लोपेझ सांगतो आणि पुढे लगेच म्हणतो, आमच्या मैत्रीचा त्याला उपयोग झाला असेल, कदाचित नसेलही. हा पुढचा भाग बरोबर छाटलाय.

संगीताने बरा झाला म्हणे! एअर्स आजारी पडला तो न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या नामवंत संगीत-संस्थेत शिकताना, म्हणजे आयुष्यात सर्वांत जास्त संगीत होतं तेव्हा. चित्रपटात पुढे त्याची मैफल ठरते. तिथे तो शिकवणाऱ्याच्याच अंगावर धावतो आणि निघून जातो. संगीत त्याला जगायला कारण देतं, हे नाकारत नाही. पण त्याला उपचार म्हणणं म्हणजे चित्रपट अर्ध्यात सोडून उठणं.

आता गोळ्या. चित्रपटात औषधाच्या सक्तीला विरोध होतो, हे खरं. निराधारांसाठी काम करणारा माणूसच लोपेझला तसं सुनावतो, आणि त्याचं म्हणणं मलाही पटतं. पण सक्ती नको आणि औषधच नको यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. आजार आटोक्यात आलेल्या ज्या रुग्णांचं औषध चालू राहिलं, त्यांच्यापैकी २७ टक्क्यांचा आजार सात ते बारा महिन्यांत उलटला. ज्यांना औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी दिली, त्यांच्यात हाच आकडा ६४ टक्के. त्याच आढाव्यात औषधांचे तोटेही नोंदवलेत: वजन वाढतं, हालचालींचे त्रास होतात. त्यावर डॉक्टरांशी भांडा, डोस बदलून मागा, दुसरं औषध मागा. पण पोस्टर बघून गोळी बंद? झोप उडते, संशय वाढतो, आवाज परत येतात, आणि हे सगळं निस्तरायला फॉरवर्ड करणारा येत नाही.

'रस्त्यावर राहणं ही त्याचीच निवड होती' यावर फार लिहीत नाही. घर मिळाल्यावर तो शेवटी आत राहायला गेलाच की.

'आधी बरे व्हा, मग घर' हा शेरा मात्र त्रासदायक आहे, कारण तो शहाणपणासारखा वाटतो. कॅनडात पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या २,००० हून अधिक बेघरांवर हे तपासलं गेलं. उपचारांची अट न घालता आधी घर आणि सोबत मदत मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण वेळ घरात राहिले. नेहमीच्या व्यवस्थेतले ३१ टक्के. आणि हो, चित्रपटात लॉस एंजेलिसच्या स्किड रो या बेघरांच्या वस्तीतली जी माणसं दिसतात, त्यांतली बरीच खरोखर तिथलीच होती. त्यांतल्या कितीजणांना एअर्ससारखा चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) वाजवता येत होता, हे त्यांना घर देण्याआधी विचारायची गरज नाही.